खाचेतली सिगारेट

"इथं श्वास जपून सोडायचा," मोडक साहेब म्हणाले. "तुमच्या फुंकरीनं ती जास्त पेटली तर दोष सोफ्यावर जाईल."

मी नाकाला पदर लावला आणि एक पाऊल मागं सरकले. मोडकांच्या चिमट्यात पेटती सिगारेट होती. पेटवली होती तीसुद्धा ओठांना न लावता, रबरी नळीच्या एका पंपानं ओढून. ती त्यांनी आमच्या सोफ्याच्या खाचेत, म्हणजे बैठक आणि पाठ जिथं मिळतात त्या सांध्यात, तान्ह्या बाळाला पाळण्यात घालावं तशी अलगद आडवी ठेवली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून वहीत वेळ लिहिली. दहा वाजून सोळा मिनिटं.

"आता?" मी विचारलं.

"आता एक तास बघायचं."

"नुसतं?"

"नुसतं. सिगारेट जळेल, संपेल. तेवढ्यापुरतं कापड काळं पडलं तर चालतं. पण आग आत शिरली आणि धुमसत राहिली तर नापास. यातून सुटलात तर दुपारी दुसऱ्या सोफ्याला काडीएवढी ज्योत लावायची. पंधरा सेकंद."

"आणि तिसरा सोफा?"

"राखीव. लागू नये अशी इच्छा."

मोडक त्या सरकारी प्रयोगशाळेत आगीच्या चाचण्या घेत. पन्नाशीचे, बारीक, अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर. बाहेर एप्रिलचं ऊन होतं, पण त्या खोलीत बारा महिने तेवीस अंश. सोफे आदल्या दिवशीच आणून त्या गारव्यात ठेवायचे असा नियम होता. मी सांगलीहून एसटीनं तीन सोफे पोत्यात बांधून पुण्याला आणले होते. सोफे म्हणजे हातभर लांबीचे, पण शिलाई, फोम, कापड, सगळं खऱ्यासारखं. कंडक्टर पोत्यात डोकावून म्हणाला, "बाहुलीचं लग्न काढलंय का, ताई?" मी म्हटलं, "तसंच समजा." तर तो म्हणाला, "मग वऱ्हाडाचं अर्धं तिकीट पडंल." हे सगळं हसत चाललं होतं, पण पोत्यावरचा हात मी काढला नाही.

ही एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा कुपवाडला पत्र्याच्या शेडमध्ये आमचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. दोन मशिनं, सुतारकामाचं एक टेबल आणि माझ्यासकट आठ बायका. मला कुणी शिकवलेलं नव्हतं. एक मोडका सोफा टाके मोजत उसवला, तसाच परत शिवला, तिसऱ्या खेपेला बसण्यासारखा झाला. तिथून पाच वर्षांत, दुरुस्तीची कामं सांभाळून, आम्ही तेसष्ट सोफे केले. पण ते एकेका घरातून, ओळखीओळखीनं आलेलं काम. आता एका नर्सिंग कॉलेजच्या नव्या वसतिगृहाला एकदम चाळीस हवे होते. अट एकच, आगीच्या चाचणीचा दाखला, आणि तोही आठ दिवसांत. मोडकांच्याकडची पुढची तारीख होती दोन महिन्यांनंतरची.

दाखला मिळाला तर वर्षभराचं काम. नाही मिळाला तर आठ बायकांना पुरेल एवढं काम माझ्याकडं पुढच्या महिन्याचंसुद्धा नव्हतं. आमच्यातली सगळ्यात थोरली अक्काताई. निघताना ती म्हणाली होती, "तू निवांत जा, रतन. माझं काही नाही. मंगल कार्यालयात भांडी घासायला येते म्हणून मी सांगून ठेवलंय." निवांत जा म्हणायची ही अक्काची रीत. सांगली ते पुणे माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

"दिवसाला अशा किती पेटवता?" मी मोडकांना विचारलं. नुसतं बघत बसणं मला जमत नाही.

"सहा. कधी आठ."

"आणि ओढता किती?"

"सोडून अकरा वर्षं झाली." थोड्या वेळानं ते म्हणाले, "बायको म्हणते, हा पगार घेऊन वास घेतो."

वीस-बावीस मिनिटांनी सिगारेट संपली. राखेची पांढरी कांडी तशीच आडवी राहिली. खाली कापडावर बोटभर काळी रेघ. धूर बंद. माझ्या जिवात जीव आला.

"झालं की," मी म्हणाले.

"आता सुरू होतं," मोडक म्हणाले. "आत गेली असेल तर ती आत्ता कळते."

त्यांनी खुर्ची ओढली. मीही स्टुलावर टेकले. घड्याळ पुढं सरकत होतं. अकराला दहा कमी असताना मोडकांनी मान तिरपी केली. खाचेतून दोऱ्याएवढा धूर वर येत होता. मग सुतळीएवढा झाला.

"फोम कुठला वापरलाय?"

"तुम्ही यादीत दिलाय तोच. बिल आहे माझ्याकडं."

"हा फोमचा वास नाही." त्यांनी डोळे मिटून वास घेतला. पगार घेऊन तयार झालेलं नाक ते. "कडुनिंब," ते म्हणाले. "संध्याकाळी डासांना करतात ना, तसा. आणि भात करपल्यासारखं काहीतरी."

मी स्टुलावरून उठले. कडुनिंब म्हटल्याबरोबर मला सगळं कळलं होतं.

मोडकांनी वेळ लिहिली, पाण्याचा फवारा मारला आणि सुरीनं खाच उघडली. आतून काळवंडलेल्या खणाची घडी निघाली. ठिणगी अजून तिच्या काठानं फिरत होती. घडीतून तांदूळ घरंगळले. काही पांढरे, काही तांबूस भाजलेले. त्यात कडुनिंबाची वाळकी पानं, हळकुंड आणि एक सुपारी. मोडकांनी चिमट्यानं एकेक वस्तू स्टीलच्या ताटलीत मांडली. माझा अर्ज काढून वाचला.

"फोम, अस्तर, कापड, दोरा," ते म्हणाले. "यात तांदूळ नाहीत."

"नाहीत."

"हे काय आहे, चौगुले बाई?"

"ओटी आहे, साहेब."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "कुणाची?"

"सोफ्याची."

आता सांगणं भाग होतं. आमचा पहिला सोफा गिऱ्हाइकाकडं निघाला, तेव्हा अक्काताई त्याच्यावरून हात फिरवत म्हणाली होती, पोरगी चाललीय, मोकळी कशी धाडायची. बैठक आणि पाठ मिळतात ती सोफ्याची कूस, असं तिनंच ठरवलं. नारळ मावत नाही आणि खोबऱ्याला मुंग्या लागतात, म्हणून नुसतं हळकुंड, सुपारी आणि मूठभर तांदूळ. तांदळाला किडे होऊ नयेत म्हणून कडुनिंबाचा पाला. हे सगळं सुती खणात बांधायचं, खाचेत सरकवायचं आणि वरून टाका घालायचा. तेव्हापासून एकही सोफा मोकळा गेला नव्हता. आमच्यातल्या हसीना नदाफच्यात ओटी भरत नाहीत, पण सुपारी नेहमी तीच आणायची, आणि निवडून आणायची. ही तीन पिल्लं तर कुणाच्या घरी जायची नव्हती. त्यांना ओटी कोण घालेल, असं मी धरून चालले होते. विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

मोडकांनी ऐकून घेतलं. मग पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"सोपा मार्ग सांगतो. अर्जात नसलेला पदार्थ चुकून आत राहिला असेल, तर हा नमुना नापास होत नाही, बाद होतो. राहिलेले दोन इथंच उसवा, शिवा, रात्रभर या खोलीत राहू देत. उद्या चाचणी. चुकून राहिला का?"

हो म्हणायला किती वेळ लागतो?

"चुकून नाही," मी म्हणाले. "तेसष्टच्या तेसष्ट सोफ्यांत आहे."

"मग तुमचा माल म्हणजे हाच. ओटीसकट."

"तसंच म्हणायचं."

"तसा तो नापास." त्यांचा आवाज चढला नाही, पण पेनही उचललं नाही. "आजपासून ओटीशिवाय करणार असाल, तर तो वेगळा माल. त्याला वेगळा अर्ज. तुमची तारीख तीच धरू, चाचणी उद्या. पण मग चाळीसातल्या एकाही सोफ्यात तांदळाचा दाणा असता कामा नये. मी काही कुपवाडला येऊन टाके उसवून बघणार नाही. सही तुमची." ते थांबले. "आणि ते तेसष्ट कुठं आहेत?"

"घरोघर."

"कुणी विडी-सिगारेट ओढतं त्या घरांत?"

माझ्या डोळ्यांसमोर एकेक दिवाणखाना यायला लागला. पाच वर्षांत हा प्रश्न आम्हाला एकदाही पडला नव्हता.

"मला एक फोन करायचाय," मी म्हणाले. "सही माझी असली तरी टाके त्यांचे आहेत."

"करा. पण आधी एक सांगा." मोडक त्या ताटलीकडं बघत होते. "आत कशाला शिवता? सोफा पाठवताना वर ठेवून दिली असती, तर हा प्रश्नच आला नसता."

"उघड भरायची आम्हाला सोय नाही, साहेब. आम्ही आठजणी आहोत. माझ्यासकट सहाजणींचे नवरे गेले. दोघींचे आहेत, पण त्यांनी टाकलंय. आमच्या हातची ओटी कुणाला चालत नाही आणि आमची कुणी भरत नाही. सोफा काही विचारत नाही."

मोडकांनी अर्ज पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले, "कारण म्हणून रकाना आहे अर्जात. पण तो दोनच ओळींचा आहे." आणि तो त्यांनी मोकळा सोडला.

मी व्हरांड्यात जाऊन हसीनाच्या मोबाईलवर फोन लावला. पहिल्या घंटीलाच तिनं उचलला.

"पास झाला?"

"अक्काला दे."

"म्हणजे नाही झाला."

"दे गं तिला."

पलीकडून मशिनचा आवाज येत होता. मग अक्काताईचा आला. मोबाईल तिला विहिरीसारखा वाटायचा, ती त्यात वाकून मोठ्यानं बोलायची. "बोल रतन."

"अक्का, छोट्या सोफ्यांत पण ओटी घातलीस?"

"घातली की. छोटी असली म्हणून काय झालं? परगावी चालली होती."

"ती पेटली, अक्का."

मशिनचा आवाज थांबला. कुणीतरी पायडलवरचा पाय काढला असणार.

"कुणाला भाजलं का?"

"नाही."

"मग सगळं सांग."

मी सांगितलं. सिगारेट विझली तरी खण आतल्या आत कसा धुमसत होता, मोडकांनी काय विचारलं, तेसष्ट घरं, सही, सगळं.

"काकड्याच्या म्हाताऱ्याला विडी लागती," अक्का म्हणाली. "दिवसभर बसलेला असतोय आपल्या सोफ्यावर. तिथंच डुलक्या काढतोय."

"हो."

"मग मला काय इचारतीस? काढ ती. सही कर." आणि मग, फोनपासून तोंड लांब नेऊन बोलल्यासारखं, बारीक आवाजात, "चांगलं म्हणून घालत होतो गं आपण."

"चांगलंच होतं, अक्का."

"असू दे. आता एवढ्यासाठी गळा काढू नको, साहेब बघत असंल. आणि ही हसीना इचारतीया, सुपारी जळली का?"

मी दारातून आत बघून विचारलं. मोडकांनी सुपारी चिमट्यात धरून उजेडाकडं केली. "सुपारीला काहीही झालेलं नाही," ते म्हणाले. "उत्तम माल आहे."

हे मी फोनवर सांगितलं, तेव्हा आठवडाभरात पहिल्यांदाच पलीकडं कुणीतरी हसलं.

नव्या अर्जावर सही करून मी फरशीवर मांडी घातली आणि ब्लेडनं दोन्ही सोफ्यांचे टाके उसवले. अक्काचे टाके होते, सुटता सुटेनात. एकेक ओटी बाहेर काढून मोडकांच्या हातात दिली. त्यांनी त्या वजन करून वहीत लिहिल्या, कारण न लिहिता त्यांना कुठली वस्तू खाली ठेवताच येत नसे. मी पुन्हा शिलाई घातली. सोफे त्या गार खोलीत गेले.

मी निघाले, तर मोडक ताटली हातात घेऊन उभे.

"नमुन्यातून काढलेला पदार्थ इथं ठेवता येत नाही. ग्राहकाला परत करायचा असतो."

"टाकून द्या की," मी म्हणाले, आणि म्हणताना मलाच कसंतरी झालं.

"टाकायचा नियम नाही. पिशवी आहे?"

पिशवी मी मावसबहिणीच्या घरी विसरले होते.

"माझ्याकडंही नाही," मोडक म्हणाले. "पदर धरा. सांडतील."

मी पदर पुढं केला. त्यांनी आधी दोन्ही खण ठेवले. त्यांवर हळकुंडं, मग सुपाऱ्या. तांदूळ मात्र ताटलीतून सरळ ओतले नाहीत. ताटली टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांची ओंजळ करून घातले. एकदा, दोनदा, तीनदा. मग चष्मा सारखा केला आणि वही पुढं केली.

"मिळाल्याची सही करा."

एका हातात पदराची गाठ धरून मी दुसऱ्या हातानं सही केली. अक्षर वाकडं आलं. नवरा गेल्यापासून नऊ वर्षांत माझ्या पदरात कुणी काही घातलं नव्हतं. मोडकांना हे ठाऊक असायचं कारण नाही, सरकारी रीत आहे ही, असं स्वतःला सांगत मी रिक्षात बसले.

दुसऱ्या दिवशी सिगारेट बरोबर साठ मिनिटं आमच्या खाचेत पडून राहिली. काळी रेघ सोडून काही झालं नाही. दुपारी ज्योत लावली, ती काढल्यावर चार सेकंदांत कापड विझलं. मोडकांनी दाखल्यावर शिक्का मारला आणि तो पाकिटात घालण्यासाठी मागचं कपाट उघडलं. कपाटाच्या खालच्या फळीवर नमुन्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. एक-दोन नव्हेत, चांगला हातभर उंच गठ्ठा.

मी पिशव्यांकडं बघितलं. मोडकांनी कपाट लावलं.

"पुढचा नमुना आणाल तेव्हा अर्ज पूर्ण भरा," ते म्हणाले.

कुपवाडला परतले तेव्हा बायकांनी दाखला हातोहात फिरवला. शेवंताला वाचता येत नव्हतं, तिनं शिक्क्यावर बोट फिरवून बघितलं. अक्काताईनं मात्र दाखला बाजूला ठेवला आणि मोडकांनी पदरात काय, कसं घातलं, ते मला तीनदा सांगायला लावलं.

"ओंजळीनं?"

"ओंजळीनं."

"आणि पिशव्या होत्या?"

"हातभर गठ्ठा."

"अस्सं," अक्का म्हणाली, आणि कामाला लागली.

वसतिगृहाचे सोफे शिवता शिवता आम्ही दोघीदोघी मिळून त्या तेसष्ट घरी जाऊन आलो. खोटं कुणाला सांगितलं नाही. आत काय आहे, का घातलं होतं, आता का काढतोय, सगळं सांगितलं. दोन घरी बोलणी खाल्ली. बाकीच्यांनी चहा दिला. काकड्यांचे आजोबा तर सुपारी हातात घेऊन बघत राहिले. "पाच वर्षं म्हणतोय मी, काहीतरी टोचतंय. सून म्हणायची, तुमचं वय टोचतंय." तो सोफा आम्ही पहिल्यांदा मोकळा केला.

चाळीसातले पहिले आठ सोफे तयार झाले, त्या सकाळी टेम्पो दारात लागला. सोफे अंगणात ओळीनं मांडले होते. मी एकेकाची खाच बोटानं चाचपून बघितली. कुठंही काही नव्हतं. बायका त्या ओळीकडं बघत उभ्या होत्या. पोरी मोकळ्या चालल्या होत्या, आणि ते प्रत्येकीच्या तोंडावर दिसत होतं.

इतक्यात अक्काताई शेडमधून ताट घेऊन आली. ताटात खण होते, तांदळाची रास होती, हळकुंडं, सुपाऱ्या, आणि यावेळी नारळसुद्धा.

"अक्का, मी सही केलीय," मी म्हणाले.

"ठाव हाय. सोफ्यात घालायची न्हाई म्हणाला न्हवं साहेब? सोफ्यावर बसलेल्या बाईला घालू नका, असं कुठं लिहिलंय त्या कागदावर?" तिनं मला खांद्याला धरून पहिल्या सोफ्यावर बसवलं. "तू पयली बस. तुझी एकदा भरून झालीया. तुला आता सवय लागली."

बायका हसल्या. मला नाही म्हणायला जमलं नाही. अक्कानं माझी ओटी भरली, मी शेवंताची भरली, शेवंतानं अक्काची. अंगणाला कुंपण नव्हतं, रस्त्यानं माणसं चालली होती. चालली तर चालली. हसीना ताटाजवळ उभी राहून सुपाऱ्या पुसत होती.

"हसीना, बस," अक्का म्हणाली.

"आमच्यात नसतं, अक्का."

"आमच्यात तरी कुठं होतं? बस."

हसीना बसली. ओढणी पुढं धरली आणि मान खाली घालून हसायला लागली ती थांबेचना. तांदूळ निम्मे सोफ्यावर सांडले.

तेवढ्यात टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. खिडकीतून डोकं बाहेर काढून तो म्हणाला, "मावशी, दहाला पोचायचंय. अजून किती राहिल्यात?"

"चार," अक्काताई त्याच्याकडं न बघता म्हणाली. "लईच घाई असंल तर तू पण येऊन बस."

त्यानं इंजिन बंद केलं.